वजन नंतर, आधी नाडी सांगा

सकाळी ६:४०

पहिला फोन हडपसरहून. आयटीतला मुलगा, वजनासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन सहावा दिवस. फोनवर मात्र त्याची आई. "मॅडम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही त्याच्या. गॅसच असेल. ओवा चावायला देऊ का?"

"ओवा नको. नाडी किती आहे?"

"नाडी कशी बघू?"

कोरोनापासून घरोघरी एक ऑक्सिमीटर पडून आहे, त्याचा मला फार उपयोग होतो. शोधाशोध होते, तो सापडतो, त्यात सेल नसतात, मग टीव्हीच्या रिमोटमधले काढून घालतात. "सत्त्याण्णव," आई सांगतात. तो ऑक्सिजन झाला, दुसरा आकडा सांगा. ११८. त्याला पाच मिनिटं गप्प बसवा आणि परत लावा. ११६.

ताप नाही. पोट दुखतंय का? "तसं फार नाही." लघवी? आई बाजूला होतात आणि मुलगाच फोन घेतो. रात्रीतून एकदा, तीही पिवळीधम्मक.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती जेमतेम १०० ते १५० मिलीची नळी, आणि तिच्या एका कडेने वरपासून खालपर्यंत स्टेपलरच्या पिनांची रांग. ही रांग कुठे सुटली, बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिका मिळते तिथे, तर त्याला आम्ही लीक म्हणतो. शंभरात एखाद्या-दुसऱ्याला होतं, पण ज्याला होतं त्याचे पुढचे कित्येक आठवडे त्यात जातात. लीकची पहिली खूण पुष्कळदा ताप नसते आणि दुखणंही नसतं. नाडी पळायला लागते. ती १२० च्या वर जाऊन तिथेच राहिली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत लीकच धरायचं, असं आमचे सर ज्युनिअर डॉक्टरांना बजावतात. ११६ म्हणजे १२० नव्हे. नुसतं पाणी कमी पडल्यानेही एवढी होते. पण यातलं काय झालंय ते हडपसरच्या हॉलमध्ये बसून कळणार नाही.

"निघा. आवरून वगैरे नको, आत्ताच निघा. येताना काही पाजू नका, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा."

"येतो. पण मॅडम, चार किलो कमी झालंय, ते बरोबर आहे ना?"

सगळे हाच प्रश्न विचारतात. पहिल्या महिन्यात माझ्या सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा हाच. वजन आपोआप उतरणार आहे, त्याच्यासाठीच तर ऑपरेशन केलंय. मला हवी असते नाडी, लघवी, आणि दिवसभरात किती मिली पोटात गेलं आणि राहिलं त्याचा हिशोब.

८:१५

वॉर्डचा राउंड. सर, आरएमओ, सिस्टर आणि शेवटी मी, आहारतज्ज्ञ. पेशंटच्या मते मात्र सगळ्यात आधी मी, कारण खायला कधी मिळणार ते मला ठाऊक असतं.

सांगलीच्या काकूंची काल सकाळी जठराची बायपास झाली. मधुमेह वीस वर्षांचा, इन्सुलिन दोन वेळा. रात्रीपासून इन्सुलिन निम्म्याहून कमी लागतंय, आणि वजन तसूभरही हललेलं नसताना. बायपासमध्ये हे होतं. अन्नाची वाट बदलली की आतड्यातली संप्रेरकं बदलतात आणि साखर वजनाची वाट न बघता खाली येते. म्हणूनच घरी गेल्यावर जुन्या गोळ्या जुन्याच प्रमाणात घेतल्या तर साखर धाडकन उतरते. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्यांचा आणखी वेगळा धोका आहे. उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल साचतं, आणि साखरेचा आकडा साधारण दिसत असल्याने कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या आम्ही ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवतो.

काकूंची तक्रार उजव्या खांद्याची आहे. पोटाला पाच भोकं पाडली आणि दुखतोय खांदा, म्हणजे टेबलावरून पाडलं की काय, अशी त्यांना शंका. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा मागे उरतो आणि श्वासपटलाला टोचतो. ती कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत जाते, चालल्याने लवकर जाते. डावा खांदा दुखायला लागला, तोही चार-सहा दिवसांनी नव्याने, तर मात्र मला लगेच सांगायचं.

"अगं, आणि आज संकष्टी आहे माझी."

सर माझ्याकडे बघून पुढच्या खाटेकडे जातात.

संकष्टीची अडचण अशी की काकूंचा आजचा सगळा आहारच उपवासाचा आहे. नारळपाणी, गाळलेलं पातळ ताक, साधं पाणी. फक्त डाळीचं पाणी तेवढं उपवासाला चालत नाही, ते उद्यावर ढकललं. "चंद्रोदयापर्यंत निर्जळी बिर्जळी नाही ना करत?" "छे गं, चहा असतो माझा." चहा मिळणार नाही, पण वाटाघाट जमली.

आता कप. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतो तसला, ३० मिलीचा. एक कप पाव तासात संपवायचा, घोट घोट करून. तासाला चार कप म्हणजे १२० मिली. रोजचे दीड लिटर व्हायला हवेत, म्हणजे सकाळी सातला सुरू केलं तर संध्याकाळचे साडेसात वाजतात, आणि मधे झोप लागली तर तेवढं मागे पडतं. घरी गेल्यावर हेच पूर्णवेळचं काम असतं, आणि ते काम आहे असं घरातल्या कुणालाच वाटत नाही.

काकू कप उचलतात, मान मागे टाकतात आणि वितीवरून धार सोडतात. उष्टं होऊ नये म्हणून जन्मभर लागलेली सवय. तशी धार घेतली की पाण्याबरोबर हवाही आत जाते, आणि अंगठ्याएवढ्या जठरात तिला जागा नसते. क्षणभरात काकूंचा चेहरा आक्रसतो, हात छातीच्या मध्यावर जातो, डोळ्यांत पाणी येतं. सिस्टर पाठ चोळतात. थोड्या वेळाने एक लांबलचक ढेकर.

"ओठ लावून, काकू. कप तुमचाच आहे, दुसरं कुणी पिणार नाही."

"ओठ लावून" हे तीनदा म्हणून घेते. मग तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र, मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालणं. पायात घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन. वजनदार माणसाच्या पायात गुठळी व्हायला अंथरुणावरचे दोन दिवस पुरतात.

१०:००

कोपऱ्यातल्या खोलीत कराडचे दुकानदार आहेत. त्यांना वॉर्डातले मामा आता घरच्यासारखे 'दादा' म्हणतात, इतके ते इथे मुरलेत. चौथा आठवडा चालू आहे. स्लीव्ह व्यवस्थित झाली, तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले, नवव्या दिवशी बहिणीच्या मुलाच्या बारशाला गेले. तिथे डावा खांदा दुखायला लागला, धाप लागली. गाडीतून गेल्यामुळे अवघडलंय, ॲसिडिटी झालीय, अशी पाहुण्यांनी समजूत काढली. इथे पोचले तेव्हा नाडी १३८ होती.

त्यांना पुन्हा टेबलावर घेऊन पोट धुतलं, ड्रेन घातला. नंतर एंडोस्कोपीतून दोन्ही टोकांना वळलेली एक छोटी नळी त्या भोकातून आत ठेवली, म्हणजे साचलेलं सगळं जठरात उतरेल आणि पोकळी आतून भरत येईल. तोंडाने काही नाही. नाकातून पातळ नळी थेट लहान आतड्यात, तीतून पंपाने तासाला ७० मिली फीड. त्या पंपाची टिकटिक आणि ड्रेनच्या पिशवीतला आकडा यांच्यावर त्यांचा दिवस चालतो. आज पिशवीत ४०, काल ७० होतं. रंगही निवळलाय.

"मॅडम, कॅन्टीनमध्ये आज कांदा-लसणाची फोडणी आहे," ते डोळे मिटून सांगतात. बरोबर असतं.

लीकमध्ये सगळ्यात जास्त काय दुखतं, तर ते पोट नसतं. धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी आला, दोन-अडीच लाख भरले आणि आजारी पडला, असं सगळ्या गावाचं मत होतं. "हौस भारी पडली" हे वाक्य त्यांच्या सख्ख्या भावाने याच खोलीत, याच खुर्चीत बसून म्हटलं. दादांचं वजन १४२ होतं, रात्री मशीन लावल्याशिवाय झोप नव्हती, गुडघ्यामुळे दुकानाच्या माळ्यावर चढता येत नव्हतं. त्याला हौस म्हणायचं? सर्दी-पडशासारखा लठ्ठपणा हाही आजार आहे हे अजून आपल्याकडे मुरायचंय. २०११ मध्ये नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा घरोघरी तिचं नाव पोचलं, चौकशीला येणारे वाढले. तरी करून घेणारा अजूनही लपवूनच करतो.

त्या लपवण्याशी माझं रोजचं भांडण आहे. सासरी हर्निया सांगितलेला असतो, ऑफिसात अपेंडिक्स. बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसतं, आणि रात्री दोनला पोटात दुखलं की शेजारचे डॉक्टर हर्नियाच्याच हिशोबाने दुखण्याची गोळी लिहून देतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या बायपासवाल्याला वर्ज्य. जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो, कधी फुटतोही. जगाला नका सांगू. घरातल्या दोघांना आणि गल्लीतल्या डॉक्टरांना तरी सांगा.

दादांना आज मी एक कागद देते: तोंडाने सुरू केल्यावरच्या पहिल्या आठवड्याचा तक्ता. तारीख मोकळी ठेवलीय. ते तो उशाखाली ठेवतात.

११:३०

हडपसरचा मुलगा आला. चेहरा ओढलेला, जीभ कोरडी. इथल्या मॉनिटरवर नाडी १२१. रक्त गेलं लॅबला. हिमोग्लोबिन जागेवर आहे, म्हणजे आत रक्तस्राव नाही. क्रिएटिनिन थोडं वर. पिण्याचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी. कॉन्ट्रास्टचा तो पेला संपवायला त्याला अर्धा तास लागतो आणि सीटीवाले दोनदा विचारून जातात.

रिपोर्ट स्वच्छ. कुठे गळती नाही, साचलेलं पाणी नाही, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी नाही.

मग गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतली. तिसरंच पाकीट ब्लड प्रेशरच्या जुन्या गोळीचं, जिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. ऑपरेशनच्या आधी तो दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचा, आता अर्धा लिटरही जात नव्हतं, आणि गोळी मात्र आपली रोज सकाळी. डिस्चार्जच्या कागदावर ती खोडलेली होती. आईने "बीपीची गोळी सोडायची नसते" म्हणून चालू ठेवली, आणि एरवी त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

"म्हणजे सीटी उगीचच काढला," मुलगा म्हणतो. विम्याचे पैसे मिळतील का, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी त्याला टीपीए डेस्ककडे पाठवते. विमा नियामकाने २०१९ मध्ये नियम एकसारखे केल्यापासून निदान मूळ ऑपरेशनचा वाद कमी झालाय: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, तर वजनाच्या शस्त्रक्रियेला सरसकट नकार देता येत नाही. नंतरच्या भरतीचं काय, ते प्रत्येक पॉलिसीवर. बाकी स्वच्छ निघालेला सीटी वाया गेला असं मी कधी मानत नाही. वाया जातो तो तीन दिवस उशिरा काढलेला.

सलाईन लागलं, त्यात आधी व्हिटॅमिन बी-१. हे 'आधी' संध्याकाळी परत येणार आहे, तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं.

१:१५

डबा. आहारतज्ज्ञ काय खाते हे बघायला निम्मा स्टाफ वाकून बघतो. बटाट्याची भाजी, पोळी, लोणचं. निराश होऊन जातात.

२:००

ओपीडी. हे सगळे महिन्याच्या पुढचे, म्हणजे धोक्याचं वळण ओलांडलेले. केस गळतात म्हणून घाबरलेली शिक्षिका, साडेतीन महिने झालेली. झपाट्याने वजन उतरलं की होतंच, पुन्हा येतात. पण तिचं रोजचं प्रोटीन मोजलं तर ३५ ग्रॅम भरलं, हवं ६० ते ८०. वरणाच्या पाण्यावर प्रोटीन होत नाही. अंडं, पनीर, मासे, नाहीतर पावडर. दुसरे गृहस्थ बायपासवाले, लग्नात श्रीखंड खाऊन अर्ध्या तासात घामाघूम होऊन सोफ्यावर आडवे झाले. आतड्यात एकदम साखर ओतली की डम्पिंग होतं. त्यांना रागवावं लागलं नाही, शरीरानेच रागावून ठेवलंय. पित्ताच्या खड्यांसाठीची गोळी सहा महिने, व्हिटॅमिन जन्मभर. पुढचा.

४:३०

नाशिकच्या रिक्षावाल्या भाऊंचा डिस्चार्ज. रस्त्यात पाच-सहा तास. प्रत्येक तासाला गाडी थांबवून दहा मिनिटं चालायचं, वाहतूक तुंबली तर बसल्या जागी पाऊल वरखाली करायचं. पोटात घ्यायचं इंजेक्शन बायकोने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने द्यायचं, त्याशिवाय मी सही करत नाही. ती देते. तेच दुसरीकडे बघतात.

फोन कधी करायचा ते मी तोंडी सांगते आणि त्यांच्याकडून परत वदवून घेते: बसून मोजलेली नाडी ११० च्या वर राहिली, दिवसभर पाणीही टिकलं नाही, एका पायाची पोटरी सुजली, धाप लागली, शौच डांबरासारखी काळी झाली. "आणि ताप आला तर?" ते स्वतःच विचारतात. तापाची वाट बघायची नाही, पण आला तरी करायचा.

रिक्षा कधी चालवू? महिनाभर जड उचलायचं नाही, वळणावर हँडलला जोर लागतो, आणि सवारी मिळाली की घोट चुकतो. ते शेवटचं कारण त्यांना पटतं. बाटली हँडलला अडकवता येईल, असं म्हणून ते मापही दाखवतात.

५:५०

बार्शीहून एका डॉक्टरांचा फोन. पेशंट आमची, स्लीव्ह होऊन पाच आठवडे. बारा दिवस उलट्या. आम्हाला कळवलं नाही, कारण वजन छान उतरत होतं आणि घरात सगळे खूश होते. काल त्यांच्याकडे आल्या, ग्लुकोजची बाटली लावली, बरं वाटलं. आज सकाळपासून एकाचे दोन दिसतायत, आणि नवरा म्हणतो की दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालते. "मला हे साध्या अशक्तपणाचं वाटत नाही, म्हणून फोन केला."

त्या डॉक्टरांचे पाय धरावेत. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दुसरी ग्लुकोजची बाटली लागते.

थायमिन, म्हणजे बी-१, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठलेलं असतं. उलट्यांनी ते संपतं. साखर जाळायला मेंदूला तेच लागतं. त्यामुळे साठा संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही वापरलं जातं, आणि डोळे, तोल, मग भान अशा क्रमाने सगळं जायला लागतं. वेर्निक एन्सेफॅलोपथी. तिला वाटेत गाठलं तर माणूस परततो, नाहीतर स्मरणशक्ती कायमची अधू राहते. आपल्याकडे 'सलाईन लावलं' म्हणजे उपचार झाले, आणि बाटलीत काय होतं ते ना पेशंटला ठाऊक ना नातेवाइकांना.

मी फोन सरांकडे देते. सरांचं बोलणं थोडक्यात: ग्लुकोज बंद, साधं सलाईन चालू, मिळेल तेवढं थायमिन शिरेतून आत्ता, ॲम्ब्युलन्स काढा. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनवर भागत नाही, त्यात थायमिन फारच थोडं असतं. बार्शीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत परत फोन केला. गावातल्या दोन मेडिकलमध्ये मिळून थोडं सापडलं, लावलं.

उलट्या का होत होत्या ते इथे आल्यावर दुर्बिणीतून बघू. जठराच्या नळीला मधे एक बाक असतो, तिथे ती चिंबते किंवा अरुंद होते. बहुतेक वेळा फुग्याने रुंद करता येते. ते उद्या-परवाचं काम.

नवऱ्याशी मी बोलते. ते घाबरलेत, आणि घाबरलेला माणूस बोलत सुटतो: पंधरा किलो उतरले होते मॅडम, पाच आठवड्यांत, सगळे म्हणायचे काय छान दिसते, उलटीने जरा जास्त उतरत असेल म्हणून... मी त्यांना थांबवून विचारते, आज लघवी झाली का. दुपारी एकदा झाली. बरं.

८:४५

रात्रीच्या सिस्टरांना हँडओव्हर. हडपसरचा मुलगा ८८ वर आलाय, उद्या घरी. आईने गोळ्यांचा कागद स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलाय. दादांचा पंप रात्री दोनला धुवायचा. काकूंच्या भाच्याने चंद्रोदयासाठी मोदक आणलाय, तो काकूंनी गणपतीला फोटोतच दाखवला आणि सिस्टरांच्या हवाली केला. स्वतः नारळपाण्यावर उपवास सोडणार आहेत, ओठ लावून.

ॲम्ब्युलन्स इंदापूरच्या पुढे आलीय. आयसीयूत खाट धरून ठेवलीय. सरांनी थायमिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा लिहिलंय. आमच्याकडची अँप्यूल १०० ची, म्हणजे एका दिवसाला पंधरा. फार्मसीत सहा आहेत. मामा चिठ्ठी घेऊन चौकातल्या चोवीस तासवाल्या मेडिकलकडे गेलेत, आणि मी त्या दुकानदाराला फोन लावते, सगळ्या काढून ठेवा म्हणून.